चौदाशे वर्षांचा म्हातारा आणि आपले आजोबा

प्रिय सई,

तुझा व्हॉइस मेसेज ट्राममध्ये ऐकला आणि ऑफिसच्या जिन्यात पुन्हा ऐकला. तू विचारलंस, "बाबा, आजोबा 73 वर्षांचे आहेत आणि ते भर रस्त्यात त्या द्राक्षवाल्या काकांच्या पाया पडले. काका तर तुझ्याएवढे आहेत. मोठ्यांनी लहानांच्या पाया पडतात का? गार्गी हसली, मला कसंतरीच झालं. आणि आजोबा पहाटे डोळे मिटून बसतात तेव्हा झोपलेले असतात का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. कधी कधी, हो. आजोबांनी स्वतः मला सांगितलंय.

आता पहिला प्रश्न. हाच पेच एकदा चांगदेवांना पडला होता. चांगदेव मोठे योगी, तापीकाठचे. कथेत त्यांचं वय चौदाशे वर्षं सांगतात. तेवढी सूट कथेला द्यायची. त्यांच्या कानावर ज्ञानेश्वरांची कीर्ती गेली, म्हणून पत्र लिहायला बसले आणि मायन्यालाच अडले. 'चिरंजीव' लिहावं, तर समोरचा ज्ञानाने मोठा. 'तीर्थरूप' लिहावं, तर तो वयाने पोर. शेवटी त्यांनी कोरा कागदच पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला की! मग निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानेश्वरांनी उत्तर लिहिलं, 65 ओव्यांचं. आणि पुढे चांगदेवांनी गुरू कुणाला केलं, माहितेय? त्या भावंडांत सगळ्यात धाकट्या मुक्ताबाईला. तेव्हा गार्गीला सांग, आजोबांनी काही नवीन केलेलं नाही. चांगदेवांपुढे तर आपले आजोबा अगदीच तरुण.

बरं, ज्ञानेश्वरांचे गुरू कोण? त्यांचेच थोरले भाऊ निवृत्तिनाथ, जेमतेम दोन वर्षांनी मोठे. हे सगळं आपल्या नाशिककडचंच आहे. आईवडिलांबरोबर ही मुलं ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होती, वाटेत वाघ आला, पळापळीत निवृत्ती चुकला आणि एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ बसलेले. त्यांनी त्याला उपदेश दिला, तो त्याने धाकट्या भावाला दिला, आणि त्या भावाने शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली. तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा-सोळा वर्षांचे होते. एवढा ग्रंथ सांगूनही श्रेय घ्यायची वेळ आली की ते दादाकडे बोट दाखवतात. घरातल्या घरात, दोन वर्षांनी मोठ्या भावाला गुरू मानणं मला तरी जमलं नसतं. तुझ्या काकाला विचार, तो जोरजोरात मान हलवेल.

पौषात तू जी दिंडी पाहिलीस ती त्या दादाच्याच समाधीला त्र्यंबकला निघाली होती.

पण आजोबा त्या वाटेला कसे लागले, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. तुझ्या जन्माआधीचे आजोबा तुला माहीत नाहीत. प्रेसमध्ये सुपरवायझर होते. चहा कोमट आला तरी घर हादरायचं. 'चुकलं माझं' हे शब्द मी लहानपणी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नाहीत. रिटायर झाल्यावर शेजारच्यांच्या आग्रहाने ते पहिल्यांदा दिंडीत गेले. मुक्कामाला जेवणात भात कच्चट निघाला, तेव्हा भर पंगतीत वाढणाऱ्या मुलावर ओरडले. शेजारी हेच द्राक्षवाले काका बसले होते. ते काही बोलले नाहीत. तोच भात त्यांनी मुकाट्याने संपवला आणि पान उचलून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाले, "माउली, आजपासून वाढप तुमच्याकडे." वाढप्यांची पंगत सगळ्यात शेवटी बसते, सई. भाजी संपलेली असते, भाकरी गार झालेली असते.

आजोबा चिडले होते, पण नाही म्हणाले नाहीत. तीन वर्षं वाढप केलं. चौथ्या वर्षी काकांच्याच हातून माळ घातली आणि रविवारचं मटण बंद झालं. (आजीला कुणी विचारलं नव्हतं, हे ती अजून ऐकवते.) मी तेव्हा हसलो होतो, गार्गीसारखाच. म्हटलं, आयुष्यभर माणसांना ओरडून कामाला लावलं आणि आता एका द्राक्षवाल्याचं ऐकताय! आजोबा म्हणाले, "प्रेसमध्ये मला सगळे घाबरायचे, म्हणून माझी चूक मला कुणी सांगितली नाही. यानं तोंडही न उघडता सांगितली." गुरू म्हणजे काय, याची मी ऐकलेली सगळ्यात छोटी व्याख्या ही. पोथ्यांमध्ये बरीच लांब असते.

डोळे मिटून बसण्याचं म्हणशील, तर आजोबा नाम घेतात. तुळशीची माळ, 108 मणी, मेरुमण्याशी आलं की तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवून परत सुरुवात. ऐकायला सोपं वाटतं. पाच मिनिटं बसून बघ. दहाव्या मण्याला उद्याचा गणिताचा पेपर आठवेल, विसाव्याला वडापाव. मन पळालं की रागवायचं नाही, नुसतं परत आणून बसवायचं. आणि हे रोज. आपल्या टाकळीला समर्थ रामदास बारा वर्षं हेच करत होते, नंदिनी नदीच्या पाण्यात उभं राहून. आले तेव्हा साधारण तुझ्याच वयाचे होते.

मला नाम जमलं नाही. मी इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आलोय, तू बालवाडीत होतीस तेव्हा. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, फोन नाही. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तिसऱ्या दिवशी मी बॅग भरली होती. गुडघे दुखत होते आणि डोक्यात सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब चालू होता. राहिलो, ते केवळ पळून आलो म्हणून आजोबांना तोंड कसं दाखवू, या विचाराने. ती साधना इकडे आणणारे गोएंका गुरुजी ब्रह्मदेशातले व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि 14 वर्षं शिकले. हे गुरू कोण, तर सरकारी हिशेब खात्यातले बडे अधिकारी. आजोबांना हे सांगितलं तेव्हा काय खूश झाले! "म्हणजे अकाउंट्सवाले साहेब!"

गुरू समोर जिवंत असावाच लागतो, असंही नाही. काळाराम मंदिराच्या दाराशी 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, ते तुला शाळेत शिकवलंय. ते बुद्ध, कबीर आणि फुले यांना गुरू मानत. फुले गेले 1890 मध्ये आणि बाबासाहेब जन्मले 1891 मध्ये. ज्यांनी कुणापुढे दबून मान झुकवली नाही, त्यांनी कधीही न भेटलेल्या तिघांना गुरू म्हटलं. दुसऱ्याने वाकायला लावणं वेगळं आणि आपण होऊन वाकणं वेगळं. आपल्या गावात ही दोन्ही झाली आहेत, म्हणून सांगतो.

आणि हे बापाचं म्हणून ऐक. जो गुरू चमत्कार दाखवतो, पैसे मागतो, प्रश्न विचारू देत नाही किंवा 'घरी सांगू नकोस' म्हणतो, त्याच्या दारातून चप्पल हातात घेऊन पळायचं. करामती करणाऱ्यांना गुरू म्हणत असतील, पण ते सद्गुरू नव्हेत, असं रामदासांनीच बजावून ठेवलंय.

हो, तू पाठवलेला व्हिडिओ मी नीट पाहिला. आजोबा वाकतात, गार्गी हसते, आणि तू लाजून कॅमेरा तिच्याकडे फिरवतेस. पण तो पुरता फिरायच्या आत डाव्या कोपऱ्यात बघ, थांबवून बघ. आजोबा अजून सरळही झालेले नाहीत, आणि काकांची पांढरी टोपी त्यांच्या पायाशी टेकलेली दिसते. दिंडीत ते दोघं एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि दोघंही वाकतात. कोण आधी, याचीच त्यांच्यात घाई असते.

गार्गीला तेवढा कोपरा दाखव. आणि आजोबांच्या गुडघ्याचा पट्टा मी पार्सलने पाठवलाय. तो ते बांधतात की नाही, यावर लक्ष ठेव.

तुझा,
बाबा