कॉट्सवोल्ड्समधलं दगडी कॉटेज: घेण्याआधी भिंत बघा

इंग्लंडमध्ये कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांलगतच्या चेल्टनहॅमला नोकरी लागतेय, तर शहरातल्या फ्लॅटऐवजी जवळच्या खेड्यात जुनं दगडी कॉटेज घेऊन आतून मॉडर्न करता येईल का, असं विचारलंयत. घेता येईल. ‘आतून मॉडर्न’चं मात्र जपून.

तिथला दगड म्हणजे आपला काळा पाषाण नव्हे. ज्युरासिक काळातला चुनखडक आहे, लोहामुळे मधाच्या रंगाचा. भिंती दीड-दोन फूट जाड, आत-बाहेर दगडाचे दोन थर आणि मधे चिपांची भर. पायात ओल अडवणारा थर बहुधा नसतोच. भिंतीत शिरलेलं पाणी दगडांमधल्या चुन्याच्या दरजांतून (सांध्यांतून) सुकून जातं, सगळी मदार त्यावर. पुढे कुणी दरजांत सिमेंट भरलं की पाणी कोंडतं, हिवाळ्यात गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे घर बघताना किचन नंतर, आधी दरजा. करड्या, टणक दिसल्या तर भाव पाडून मागा.

छपरावर दगडाच्याच पातळ फरशा, वळचणीला मोठ्या आणि आढ्याकडे लहान होत जाणाऱ्या, पूर्वी ओकच्या खुंट्यांवर टांगलेल्या. बघत राहावं असं काम, आणि दुरुस्तीचं बिलही तसंच! उतार तीव्र असल्याने वरच्या खोल्या छपरातच असतात. उंच माणसाने वाकून चालायची सवय करावी.

घर ‘लिस्टेड’, म्हणजे जतनासाठी सरकारी यादीत नोंदलेलं असेल तर 1990च्या कायद्याने त्याचं रूप बदलणारं काम विनापरवाना करणं हा फौजदारी गुन्हा आहे, अगदी आतल्या भागातसुद्धा. आधीच्या मालकाचे उद्योग नव्या मालकाला निस्तरावे लागू शकतात, म्हणून वकिलाकडून जुन्या परवानग्या तपासून घ्या. खिडक्यांना डबल ग्लेझिंग (दुहेरी काच) करायला बऱ्याचदा नकार येतो. जुनी खिडकी तशीच ठेवून आतून वेगळी काच बसवणं त्यामानाने सोपं. आपल्या फोडणीसाठी एक्झॉस्टचं भोक पाडायचं तरी आधी कौन्सिलला विचारा. अर्जाला फी नाही, वेळ मात्र जातो.

कॉट्सवोल्ड्समधल्याच बिबरी गावातली आर्लिंग्टन रो ही घरांची रांग जरूर बघा. 1380च्या सुमाराचं लोकरीचं कोठार, सतराव्या शतकात त्याची विणकरांची घरं झाली. पण राहायला असं पर्यटकांचं गाव नको, दारासमोर दिवसभर फोटो चालतात.

शक्यतो पहिला हिवाळा भाड्याने काढा. विकत घ्यायची वेळ आली की घराची तपासणी करायला जुन्या घरांचा अनुभव असलेलाच सर्व्हेयर गाठा. भिंतीला ओल मोजायचं मीटर टेकवून लगेच ओल अडवायला भिंतीत केमिकल इंजेक्शन सुचवणारा कुणी आला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.