यंत्राला नेमकं काय दिसतं?

या वेळच्या टपालात स्वयंपाकघर, दवाखाना आणि प्रयोगशाळा अशी तिन्ही ठिकाणची उपकरणं आली आहेत. लांब पत्रं मी कापली आहेत, राग मानू नये. एका वाचकांनी ओव्हनचं चित्र काढून त्यातला गार राहणारा भाग पेन्सिलीने रंगवून पाठवलाय. तक्रार अशी नोंदवणारी माणसं मला फार आवडतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात.

प्रश्न : मायक्रोवेव्हमध्ये भात गरम केला की कडेचा भात चटका बसेल इतका तापतो आणि मधला गोळा गारच राहतो. मायक्रोवेव्ह पदार्थ आतून बाहेर तापवतो असं ऐकलं होतं. मग हे उलटं का? ओव्हन बिघडलाय का?

उत्तर : ओव्हन ठणठणीत आहे, बिघाड ऐकीव माहितीत आहे. मायक्रोवेव्ह लहरी बाहेरूनच पदार्थात शिरतात आणि ओलसर पदार्थात दोन-तीन सेंटिमीटर जाईपर्यंत त्यांचा बहुतेक जोर संपतो. चुलीवरच्या भांड्यात उष्णता तळाला लागते आणि तिथून वर सरकते. इथे ती दोन-तीन सेंटिमीटरच्या थरात जागच्या जागी तयार होते, एवढाच फरक. त्याच्या आत तिला स्वतःच्या पायांनी जावं लागतं आणि भातातून ती फार हळू चालते.

पत्रात तुम्ही लिहिलंय की ओव्हनची लहर पाण्याच्या रेणूच्या ‘नैसर्गिक कंपनाशी’ जुळवलेली असते. तेही तसं नाही. घरगुती ओव्हन 2.45 गिगाहर्ट्‌झवर चालतो. म्हणजे आतल्या विद्युतक्षेत्राचं चक्र सेकंदाला 245 कोटी वेळा पुरं होतं. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धनभारित आणि दुसरं किंचित ऋणभारित असतं. क्षेत्र फिरलं की रेणूही त्याच्याबरोबर वळायला बघतो, शेजाऱ्यांत अडकतो, मागे पडतो. या ओढाताणीतून उष्णता निघते. साध्या तापमानाचं पाणी लहरी सगळ्यात जास्त शोषतं ते 20 गिगाहर्ट्‌झच्या आसपास. ओव्हन तिथे चालवला असता तर सगळी शक्ती वरच्या पापुद्र्यातच संपली असती आणि तुमचं चित्र आणखी काळं झालं असतं. 2.45 हा आकडा ठरला, कारण संदेशवहनाला त्रास होऊ नये म्हणून उद्योगधंद्यांसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या पट्ट्यांपैकी ती एक पट्टी आहे.

आता तुमच्या पेन्सिलीकडे येते. या लहरीची लांबी सुमारे 12.2 सेंटिमीटर असते. धातूच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लहरी एकमेकींत मिसळतात. त्यामुळे काही जागी जोर वाढतो, तर काही जागी जवळजवळ शून्य होतो. अशा दोन शेजारच्या जोरदार जागांमध्ये ढोबळमानाने 6 सेंटिमीटर अंतर असतं. त्यासाठीच तबकडी फिरती ठेवलेली असते. पण तबकडीचा मध्यबिंदू कितीही फिरला तरी जागचा हलत नाही! तो नेमका दुबळ्या जागी असेल तर पूर्ण वेळ तिथेच राहतो. तुम्ही रंगवलेला भाग अगदी बरोबर आहे.

तेव्हा भात ताटलीत कड्यासारखा पसरा आणि मध्ये जागा मोकळी सोडा. पाणी शिंपडा, झाकण ठेवा आणि निम्म्या पॉवरवर जास्त वेळ लावा. बहुतेक ओव्हनमध्ये ‘निम्मी पॉवर’ म्हणजे मॅग्नेट्रॉन (लहरी तयार करणारी नळी) काही सेकंद पूर्ण चालू आणि काही सेकंद पूर्ण बंद. कान दिलात तर घरघर मध्येच थांबलेली ऐकू येईल. त्या बंद वेळात उष्णता आत सरकते. गोठलेल्या पदार्थाला तर याची जास्तच गरज, कारण बर्फ या लहरी जवळजवळ शोषतच नाही. एखादा कोपरा आधी वितळला की सगळी शक्ती तो एकटाच खातो. त्यामुळे कडा शिजते आणि शेजारी बर्फ तसाच राहतो.

प्रश्न : मी नववीत आहे. ‘योगायोगाने लागलेले शोध’ या विषयावर मला निबंध लिहायचा आहे. खिशातलं चॉकलेट वितळलं म्हणून मायक्रोवेव्ह ओव्हनचा शोध लागला, हे खरं आहे का?

उत्तर : चॉकलेटची गोष्ट सगळे सांगतात आणि ती खोटी म्हणायला कारण नाही. पण निबंधात तिला दोन ओळींपेक्षा जास्त जागा देऊ नकोस. तिच्या आधी आणि नंतर काय घडलं ते लिही.

आधी असं झालं : 1940 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी नव्या रचनेचा जोरदार मॅग्नेट्रॉन बनवला. त्याच वर्षी तो अमेरिकेला दाखवायला नेला गेला. तिथे रेथिऑन कंपनी मॅग्नेट्रॉन बनवू लागली आणि त्या कामात पर्सी स्पेन्सर हा तंत्रज्ञ होता. त्याचं शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. चॉकलेट वितळल्यावर त्याने मक्याचे दाणे आणून ते फुलतात का पाहिलं. मग अंडं ठेवलं, ते फुटलं. ऑक्टोबर 1945 मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. खिसा पुसून कामाला लागणाऱ्याला हा शोध लागला नसता.

आणि नंतर : 1947 मधला ‘रडाररेंज’ नावाचा पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे 340 किलो वजनाचा होता. मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला त्याला पाण्याची नळजोडणी लागायची. ओट्यावर मावणारं आणि घराघरांत खपलेलं मॉडेल यायला 1967 उजाडलं. ही मधली वीस वर्षं कुठल्याच गोष्टीत नसतात, तीच तू लिही.

मोठ्या माणसाला सोबत घेऊन एक प्रयोगही कर. फिरती तबकडी काढून ठेव आणि ताटलीत चॉकलेटची सपाट वडी ठेवून थोडेच सेकंद ओव्हन लाव. वितळलेल्या दोन शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर मोज, त्याची दुप्पट कर आणि 2.45 अब्जाने गुण. उत्तर प्रकाशाच्या वेगाजवळ यायला हवं. ठिपके वेडेवाकडे येतात, तेव्हा दोन-तीन जोड्या मोजून सरासरी काढ.

प्रश्न : वडिलांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 91 दाखवतो, माझ्या बोटाला 98. त्यांचे हात नेहमी गार असतात. दवाखान्यात त्यांचंच रीडिंग 96 आलं. या यंत्रावर विश्वास ठेवायचा की नाही? नुसता प्रकाश टाकून ऑक्सिजन कळतो तरी कसा?

उत्तर : यंत्राला ऑक्सिजन दिसत नाही. त्याला रक्ताचा रंग दिसतो, आणि तोही फक्त ठोक्यागणिक बदलणाऱ्या रक्ताचा. उपकरणं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, त्यात मला लागलेली सवय हीच : आकडा वाचण्याआधी यंत्राला नेमकं काय दिसतंय ते विचारायचं.

चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक 660 नॅनोमीटरचा लाल आणि दुसरा 940 च्या आसपासचा अवरक्त (इन्फ्रारेड), जो डोळ्यांना दिसत नाही. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी अडवतं आणि अवरक्त जास्त. ऑक्सिजन सोडलेल्याचं याच्या उलट. अडचण अशी की प्रकाश हाड, कातडी, नख, शिरा या सगळ्यांतून जातो आणि प्रत्येक जण थोडा थोडा गिळतो. यातलं धमनीतलं रक्त कुठलं, हे ओळखायचं कसं?

याचं उत्तर जपानमधल्या निहोन कोहडेन कंपनीतल्या ताकुओ आओयागी यांना सापडलं, आणि तेही दुसरंच काही शोधत असताना. हृदय किती रक्त फेकतं हे त्यांना मोजायचं होतं. त्यासाठी शरीरात रंगद्रव्य सोडून ते कानाच्या पाळीतून प्रकाशाने टिपायचं अशी पद्धत होती. पण नाडीच्या ठोक्यांमुळे आलेखावर लाटा उठत आणि मोजणी बिघडे. लाटा घालवण्यासाठी त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश जोडीला घेतला आणि एकातून दुसरा वजा केला. लाटा सपाट झाल्या, पण रक्तातला ऑक्सिजन बदलला की पुन्हा वर यायच्या. दुसऱ्या कुणी इथे कपाळावर हात मारला असता. आओयागींनी ओळखलं की या लाटेतच ऑक्सिजनचं माप आहे. ठोक्याबरोबर जे बदलतं ते धमनीतलं रक्त, बाकी सगळं स्थिर. 1974 मध्ये पेटंटचा अर्ज झाला. आज अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक खाटेशी हीच कल्पना दिवसरात्र चालू असते. आओयागी एप्रिल 2020 मध्ये गेले, म्हणजे बोटाला लावायचं हे यंत्र घरोघरी पोचत होतं तेव्हा.

ठोक्याबरोबर बदलणारा हा भाग एकूण प्रकाशाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतो. हात गार पडले की बोटातल्या बारीक धमन्या आकसतात, लाट आणखी लहान होते आणि यंत्र अंधारात चाचपडायला लागतं. वडिलांचे हात आधी ऊबदार करा. त्यांना बसवा, हात हलू देऊ नका, नेलपॉलिश किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या. मग पडद्यावरची नाडीची पट्टी एकसारखी उसळू लागेपर्यंत थांबा. पहिला चमकलेला आकडा लिहू नका. नाडीचा आकडा हाताने मोजलेल्या नाडीशी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडाही सोडून द्या.

आणखी तीन गोष्टी. दोन प्रकाशांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी सांगणारा तक्ता यंत्रात भरलेला असतो. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन आणि त्यांचं रक्त तपासून तो बनवतात. कुणालाही 70 टक्क्यांच्या फार खाली नेणं धोक्याचं, म्हणून त्याखालचे आकडे बव्हंशी अंदाजच असतात. दुसरं, सावळ्या आणि काळ्या त्वचेवर यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं. 2020 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात यंत्राच्या नजरेतून सुटलेला कमी ऑक्सिजन कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट वेळा आढळला होता. तिसरं, धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला तर यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं आणि गुदमरलेल्या माणसाचंही रीडिंग झकास देतं. म्हणून वडिलांना धाप लागत असेल तर 98 दिसलं तरी डॉक्टरांकडे न्या. हात ऊबदार करूनही 91 च राहिलं तरीही न्या.

प्रश्न : एकाच बोटातून लागोपाठ दोनदा साखर तपासली, 142 आणि 155 आली. त्याच वेळी लॅबला दिलेल्या रक्ताची 138 आली. यातला खरा आकडा कुठला?

उत्तर : तिन्ही आकडे आपापल्या परीने खरे आहेत. घरगुती ग्लुकोमीटरसाठी 2013 चं आंतरराष्ट्रीय मानक असं आहे : साखर 100 किंवा जास्त असेल तर शंभरातली 95 रीडिंग लॅबच्या आकड्यापासून 15 टक्क्यांच्या आत पडली पाहिजेत, आणि 100 च्या खाली असेल तर 15 मिलिग्रॅमच्या आत. (साखरेचे हे सगळे आकडे 100 मिलिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत.) 138 चे 15 टक्के म्हणजे जवळपास 21. तेव्हा 117 ते 159 मधलं काहीही मानकाला मान्य आहे. तुमचं यंत्र पास झालंय.

स्ट्रिपच्या टोकाला एक विकर (एन्झाइम) असतं, उदाहरणार्थ ग्लुकोज ऑक्सिडेज. ते ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवतं आणि मीटर तो इवलासा प्रवाह मोजतं. ही वाट लेलँड क्लार्क या अमेरिकी शास्त्रज्ञाने दाखवली. रक्तातला ऑक्सिजन मोजताना प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड रक्ताने माखून निकामी व्हायचा, म्हणून त्याने तो पातळ पडद्याआड झाकला. 1962 मध्ये त्याने आणि चँप लायन्सने त्या पडद्याशी विकर ठेवून ग्लुकोज मोजायची युक्ती मांडली.

म्हणजे यंत्र प्रवाह मोजतं, आणि तो प्रवाह बोटावरच्या कुठल्याही ग्लुकोजने वाढतो. फळ सोलून हात न धुता तपासलंत तर ती फळाचीच साखर. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यावर भागवू नका. साबणाने हात धुवा आणि कोरडे करा, कारण ओल्या बोटावर रक्त पातळ होतं. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, विकराला दमट हवा मानवत नाही. रक्तात लाल पेशी फार कमी असतील, म्हणजे ॲनिमिया असेल, तर बरीच मीटर थोडी जास्त साखर दाखवतात.

आणि लॅबलाही देव मानू नका. नळीत काढलेलं रक्त जिवंत असतं आणि त्यातल्या पेशी साखर खात बसतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के. नळी तशीच पडून राहिली तर आकडा आपोआप उतरतो. तुमच्या बाबतीत तसं झालं की नाही हे इथे बसून सांगता येणार नाही. पण पुढच्या वेळी नमुना किती वाजता तपासला, एवढं विचारा.

प्रश्न : गर्भचाचणीच्या पट्टीवर तासाभराने अंधूक दुसरी रेघ दिसली. ती धरायची का?

उत्तर : नाही. पाकिटावर दिलेल्या वेळेतली रेघ कितीही फिकट असली तरी धरायची, त्यानंतरची सोडून द्यायची. बहुतेक पट्ट्यांमध्ये दिसणारा लाल रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा असतो. पट्टी वाळताना ते कण आणि क्षार भलत्या जागी साचतात. दोन दिवसांनी, सकाळच्या पहिल्या लघवीवर, नवी पट्टी वापरा.

प्रश्न : मी महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक आहे. आमच्या पीएच मीटरचं रीडिंग स्थिर होतच नाही, आकडा सरकत राहतो. इलेक्ट्रोड आम्ही रोज धुऊन स्वच्छ डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवतो. विभागप्रमुख नवं मीटर मागवा म्हणतात.

उत्तर : मागवू नका. तुमच्या पत्रातलं ‘स्वच्छ डिस्टिल्ड वॉटर’ हाच आजार आहे. इलेक्ट्रोडच्या काचेच्या गोळीवर ओलसर थर असावा लागतो, आणि आत पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण. शुद्ध पाण्यात ठेवलात तर क्षार बाहेर झिरपत जातात आणि रीडिंग सरकायला लागतं. ठेवायचा तो 3 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये. डिस्टिल्ड वॉटर फक्त दोन नमुन्यांच्या मध्ये धुण्यापुरतं. आणि टिश्यूने गोळी घासू नका, पाणी नुसतं टिपून घ्या.

हे मीटर जन्मालाच अशा कुरकुरीतून आलं. 1934 मध्ये लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला निघालेला एक रसायनज्ञ आपला जुना वर्गमित्र अर्नोल्ड बेकमन याच्याकडे आला. काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध इतका प्रचंड असतो की साधा गॅल्व्हानोमीटर त्यातून येणाऱ्या प्रवाहाने हलतच नाही. बेकमनने निर्वात नळ्यांचा ॲम्प्लिफायर जोडला आणि सगळं एका पेटीत बसवलं. तुमच्या टेबलावरचं मीटर आजही तेच करतं. 25 अंश सेल्सिअसला पीएचच्या एका एककामागे 59 मिलिव्होल्ट, एवढंच त्याला दिसतं.

आज रात्री इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडमध्ये भिजत ठेवा. सकाळी नव्या बाटलीतून 7 चा आणि 4 चा बफर (ठरलेल्या पीएचचं द्रावण) काढा, दोन्ही खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि कॅलिब्रेशन करून मीटरवरचा स्लोप बघा, म्हणजे त्या 59 मिलिव्होल्टपैकी किती टक्के इलेक्ट्रोड देतोय ते. 95 टक्क्यांच्या वर असेल तर काम झालं. भिजवूनही 90 च्या खालीच राहिला तर इलेक्ट्रोड संपलाय. विभागप्रमुखांच्या सहीसाठी अर्ज तेवढ्याचाच करा.