मासे बंद झाले की पोट का फुगते?

प्रश्न (फोंडा) : आमच्या घरी श्रावणभर मासे वर्ज्य. शाकाहार पचायला हलका म्हणतात, पण दरवर्षी पहिल्याच आठवड्यात माझे पोट फुगते, गॅस होतो आणि महिनाअखेर वजन दीड-दोन किलोंनी वाढते. कुठे चुकते?

उत्तर : माशांत तंतू (चोथा) अजिबात नसतात. शीत-हुमणाला (भात आणि माशांच्या आमटीला) सरावलेल्या पोटात अचानक रोज वाटीभर अळसांदे (गोव्याची चवळी), वाटाणे, मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची भाजी) जाऊ लागतात. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या फोडणारे पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. मग त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. हा आजार नव्हे. पोटाला सराव व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. तोवर श्रावण सरत येतो आणि पुन्हा बाजारातून बांगडे येतात!

म्हणून आषाढातच सुरुवात करा. पहिले तीन दिवस शिजलेल्या कडधान्याचे दोन मोठे चमचे, मग दर तीन दिवसांनी एकेक चमचा वाढवा. अळसांदे 10 ते 12 तास भिजवून ते पाणी टाकून द्या, कारण त्या शर्करांचा काही भाग पाण्यात उतरलेला असतो. ताज्या पाण्यात, दाणा बोटांनी सहज चुरडेल इतका शिजवा. लवकर शिजावे म्हणून सोडा घालू नका, त्याने थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते. मूग मोड आणूनच घ्या. मोड फुटताना या शर्करा दाण्यातच खर्च होतात.

आता वजन. दुपारच्या 100 ग्रॅम माशांतून सुमारे 18 ते 20 ग्रॅम प्रथिने मिळत होती, ती गेली. त्या जागी काय आले ते पाहा : तोणाकात (कडधान्याच्या रश्शात) नारळ, खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या रश्शात) नारळ, पातोळ्यांत नारळ-गूळ, मणगण्यात (चणाडाळीच्या खिरीत) पुन्हा नारळाचा रस. 100 ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे 350 कॅलरी आणि 33 ग्रॅम चरबी असते, तीही बहुतांश संपृक्त. उपवासाचा साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रथिने नाहीत, तंतू नाहीत, त्यामुळे भूक लवकर परतते. नारळ सोडा असे गोव्यात कोणाला सांगणार? फक्त माणशी दिवसाला 25 ते 30 ग्रॅमवर ठेवा. दोन्ही जेवणांत मिळून 60 ग्रॅम कोरडे कडधान्य किंवा डाळ आणि वाटीभर दही घेतले की माशांची प्रथिने बरीचशी भरून निघतात. गोड सणाच्या दिवशीच.

शौचात रक्त, ताप, रात्री उठवणारे जुलाब किंवा आपोआप घटणारे वजन, यांपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न (मडगाव) : भात-पाव पूर्ण सोडला. दहा दिवसांत तीन किलो उतरले, मग काटा हलेना. शौचाला खडा होतो. मधुमेहाची गोळी चालू आहे.

उत्तर : पहिले किलो मुख्यतः पाण्याचे होते. यकृत आणि स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनच्या (शर्करेच्या राखीव साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते. साठा संपला की तेही जाते. बद्धकोष्ठ तंतू तुटल्यामुळे आहे : दोन्ही वेळा तांबडी भाजी, भेंडी, दुधी घ्या, पाणी वाढवा, आणि एक पोई (कोंड्याचा गोवेकरी पाव) किंवा वाटीभर उकड्या तांदळाचा भात परत आणा.

पण आधी गोळीचे नाव पाहा. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल, तर भात-पाव असा तोडणे धोक्याचे. रक्तात आम्ल साचू शकते आणि त्या वेळी साखर फारशी वाढलेली दिसतही नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली तर ग्लुकोमीटरवर विसंबू नका, थेट इस्पितळ गाठा.