शेवटच्या नळाचा रंग

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रामपंचायतीत निवडून आलास. पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत दोन्ही गट रस्त्यावरून भांडतील, भांडू दे. तू पाणी धर. गॅस्ट्रोची साथ पॅनल विचारून गल्लीत शिरत नाही.

आधी टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं, पोतं बघ. ताज्या पावडरीत क्लोरीन साधारण 33 टक्के असतं. पोत्याचं तोंड दमट खोलीत उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातं, उरतो नुसता चुना. 20 टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरायची नाही, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवत जा. मात्रा 1000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला पाव किलो. कोरडी पावडर टाकीत भिरकावायची सवय असेल तर ती मोड. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची, बादली पाऊण भरून ढवळायची, दहा मिनिटं निवळू द्यायची. वरचं पाणी टाकीत, तळाचा चुना बाहेर. त्यानंतर निदान अर्धा तास नळ सोडायचे नाहीत. घाई नेमकी इथे होते, कारण लोक हंडे मांडून बसलेले असतात.

मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते पिवळ्या रंगावरून बघायची तपासणी. टाकीपाशी नव्हे, गावातल्या शेवटच्या नळाला. काचनळीत पाणी, किटवर लिहिलेले थेंब, आणि रंग दहा सेकंदांत वाचायचा. उशीर झाला तर पाण्यातल्या लोहानेही पिवळेपणा चढतो आणि आपण समाधानाने घरी जातो. उरलेलं क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. ओटीचं द्रावण विषारी असतं, हाताला लागू देऊ नकोस.

टाकीपाशी रंग छान आणि एकाच आळीत काहीच नाही, असं दिसलं तर पावडर वाढवू नकोस. गळती शोध. पाणी सुटलेलं असताना फुटक्या जोडातून पाणी बाहेर येतं. बंद झालं की रिकामी होणारी पाइप भोवतालची घाण आत ओढते. गटार ओलांडणारी पाइप आणि व्हॉल्व्हचे तुंबलेले खड्डे आधी बघ. तोट्या नसलेले नळही तपास. गटारात लोळणारी नळी हेच काम करते.

पंचायतीला लाल कार्ड, म्हणजे पाण्याला धोका असल्याचा सरकारी शेरा, मिळालं तर सरपंचावर तुटून पडायचा मोह होईल. कार्डामागची कारणं ग्रामसभेत वाचून दाखव, तेवढं पुरे.

नोंदवहीत तारीख, वेळ, नळ आणि आकडा रोज लिहायचा. शेजारी समोरच्या गटातल्या सदस्याची सही घे. शेवटचा नळ त्याच्याच दारात असेल तर अतिउत्तम.