रिपोर्ट झाला, रेमेडियल लावलं, तरी फरक का पडत नाही?

"मॅडम, टेस्टिंग झालं, सर्टिफिकेट मिळालं, वर्षभर रेमेडियलही चालू आहे. पण वाचन होतं तिथंच आहे. आता आणखी काय करायचं?"

अध्ययन अक्षमता (म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) असलेल्या मुलांचे पालक हा प्रश्न सतत विचारतात. रेमेडियल म्हणजे मुलाच्या अडचणीवर बेतलेलं वेगळं शिकवणं. त्यावर एका मुलाची हकिकत सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि तपशील बदलले आहेत. त्याला ओंकार म्हणू.

ओंकार पाचवीत, सेमी-इंग्रजी शाळेत. आईनं रिपोर्टची फाइल पुढ्यात ठेवली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. बुद्ध्यांक 103. "हुशार आहे ना तो? मग वाचायला आळस करतो का?" बुद्ध्यांकाची सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं 85 ते 115 च्या दरम्यान असतात. म्हणजे ओंकारच्या बुद्धीत काही कमी नाही, एवढं त्या आकड्यावरून कळत होतं. उद्यापासून त्याला काय शिकवायचं, हे मात्र त्यातून कळत नाही. तरीही पालक, शिक्षक सगळे आधी तोच आकडा बघतात.

रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं: रेमेडियल शिक्षण द्यावे, परीक्षेत जादा वेळ द्यावा, पालकांचे समुपदेशन करावे. यात चूक काहीच नाही, पण असंच वाक्य मी कितीतरी मुलांच्या रिपोर्टवर वाचलं आहे. रेमेडियलची वही उघडली तर त्यात पाढे, सुलेखन आणि पानंच्या पानं बेरजा-वजाबाक्या. गणितात नापास होतो म्हणून गणिताचा सराव. शिकवणाऱ्या ताईंनी मनापासून मेहनत घेतली होती, हे वहीवरून दिसत होतं.

मग आम्ही रिपोर्टची मधली पानं काढली, जी सहसा कुणी वाचत नाही. तोंडी गणितं वयाला साजेशी. साधे शब्द बरोबर, जोडाक्षरं आली की गडबड. शब्दातले आवाज सुटे करणं आणि पुन्हा जोडणं कच्चं. चित्रांची, अंकांची नावं भराभर सांगायला लागणारा वेळ जास्त. मी गणिताच्या पुस्तकातलं एक शाब्दिक उदाहरण त्याला वाचायला दिलं. 'विक्रेत्याने' या शब्दावर तो अडला, पुढचं अंदाजानं वाचलं आणि बेरीज करायची तिथं वजाबाकी केली. तशाच पद्धतीचं दुसरं उदाहरण मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं ते मनातच सोडवलं. आई बघतच राहिली.

वर्षभर पाढ्यांवर गेलेला वेळ वाचनावर जायला हवा होता. चाचणीत दिसलेली अडचण एक आणि उपाय भलत्याच गोष्टीवर, अशी गाठ पडली की मूल कष्ट करूनही जागच्या जागी राहतं. आणि त्याचा दोष शेवटी मुलाच्याच माथी येतो. मला याचं फार वाईट वाटतं.

ओंकारच्या वर्गातल्या एका मुलीकडेही तसंच सर्टिफिकेट होतं. ती घडाघडा वाचते, पण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, शब्दांमधलं अंतर सगळंच बिघडतं. दोघांना एकच वर्कशीट देऊन कसं चालेल?

ओंकारसाठी आम्ही जोडाक्षरांपासून सुरुवात केली. आधी कानानं: 'पुस्तक' ऐकायचं, टाळी वाजवत पुस्-तक असं तोडायचं, पुन्हा जोडायचं. मग डोळ्यांनी: स्त, स्क, स्प असे एकेक गट. 'र'ला वेळ जास्त दिला, कारण सूर्य, चक्र, राष्ट्र आणि सुऱ्या या चार शब्दांत तो चार रूपांत येतो आणि मुलं नेमकी तिथंच अडखळतात. आठवड्यातून चार दिवस, रोज अर्धा तास. गणिताचे प्रश्न तोवर बाईंनी त्याला वाचून दाखवायचे, म्हणजे वाचनापायी गणित मागे पडणार नाही.

दर शुक्रवारी एक मिनिट वाचन: किती शब्द बरोबर आले ते आलेखावर मांडायचं. सात-आठ आठवड्यांत चुका बऱ्याच कमी झाल्या, पण रेघ वर चढेना. अक्षर ओळखू येत होतं, पण प्रत्येक शब्दाला तेवढेच कष्ट पडत होते. नावं सांगायला लागणारा जास्तीचा वेळ रिपोर्टमध्ये होताच. म्हणून पद्धत बदलली. शंभरेक शब्दांचा एकच उतारा, आधी आईनं वाचायचा, मग दोघांनी मिळून, मग त्यानं एकट्यानं तीन-चारदा. त्यानंतर रेघ हळूहळू वर जाऊ लागली. शुक्रवारचं ते एक मिनिट नसतं, तर जुनीच पद्धत आम्ही वर्षभर रेटली असती.

रिपोर्टमध्ये कार्यकारी स्मृतीचा, म्हणजे ऐकलेलं-वाचलेलं थोडा वेळ मनात धरून त्यावर काम करण्याच्या क्षमतेचा, गुणांकही कमी होता, म्हणून वडिलांनी मोबाइलवर मेमरी गेम घेतले होते. अशा खेळांत मूल त्या खेळात तरबेज होतं, वाचन त्यानं सुधारत नाही. संशोधनातही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 'हा व्हिज्युअल लर्नर आहे, याला चित्रांतूनच शिकवा' हा सल्लाही तसाच निराधार आहे. कमी स्मृतीवर साधा उपाय पुरतो: सूचना एका वेळी एकच द्यायची आणि फळ्यावर लिहून ठेवायची.

सवलतींबद्दल आईच्या मनात धास्ती होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. परीक्षेतला जादा वेळ हा मुलाचा हक्क आहे, तो जरूर घ्यावा. पण त्यानं पेपर पूर्ण होतो, वाचायला येत नाही. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्ही हवीत.

तुमच्या मुलाची चाचणी व्हायची असेल तर ती कोणत्या भाषेत होणार, हे आधी विचारा. घरी आणि शाळेत मराठी असलेल्या मुलाचं वाचन फक्त इंग्रजीतून तपासलं तर जोडाक्षरांची अडचण दिसणारच नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये आणलेली 'डाली' ही पहिली ते पाचवीसाठीची चाचणी मराठीतही आहे. चाचणी झाली असेल तर ती घेणाऱ्यांकडे पुन्हा जा. मुलानं कोणते शब्द चुकवले ते दाखवायला सांगा, त्यातलं सुरुवातीला काय शिकवायचं ते लिहून मागा आणि तो कागद रेमेडियलच्या ताईंच्या हाती द्या. दोन महिन्यांनी फरक कशावरून मोजणार, हेही त्यांना त्याच दिवशी विचारा.

ओंकार आता सहावीत आहे. मराठी धडा तो सावकाश, पण स्वतः वाचतो. इंग्रजी स्पेलिंग अजून फार कच्चं आहे, त्याचं काम या सत्रात सुरू केलंय.