पाठ केलेली प्रार्थना देव ऐकतो का? ख्रिस्ती माणसाला रोजची प्रार्थना आणि रविवारची उपासना कशासाठी लागते?

तुम्ही विचारलंय की दर रविवारी तीच उपासना, तीच पाठ असलेली प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली), यात मनापासूनचं काय राहतं, आणि रोज किती वेळ प्रार्थना करावी. पहिला प्रश्न जवळपास याच शब्दांत माझ्या सख्ख्या भावाने पप्पांच्या आजारपणात केला होता, म्हणून लिहायला बसले, एरवी मी इथे नुसती वाचते.

आम्ही भायखळ्याचे, मूळचे नगरकडचे. चर्च जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं (ते मिशनरी १८१३ ला मुंबईत उतरले), १९७० ला नागपूरला अनेक चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हापासून त्यात. पप्पा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर. रात्री आठला चाळीतल्या खोलीत चटई पडायची, एक शास्त्रपाठ, 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत, बहुतेक वेळा ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं कारण त्याला भजनाची चाल बसते आणि पेटी नसली तरी टाळ्यांवर निभावतं, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. घरात भांडण झालेलं असो, उद्या पेपर असो, चटई पडणारच. स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला पप्पांना कधी जमलं नाही. पाळकसाहेबांनी 'तुम्ही प्रार्थना चालवा' म्हटलं की ते दोन वाक्यांत आटपायचे.

मग पप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, शब्द सापडायचा नाही. आई ताट समोर ठेवून भाकरीवर बोट ठेवायची, "हे काय हो?" पप्पा डोळे मिटून जोर लावायचे, कपाळावर घाम यायचा, आणि यायचं काय तर "ते... ते... ते". माझं नावसुद्धा नाही. असे दोन महिने.

दादा तेव्हा एका हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या फेलोशिपला (ख्रिस्ती प्रार्थनागटाला) जायला लागला होता. तो तिथल्या चौघांना घेऊन आला, त्यांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवले आणि मोठमोठ्याने आज्ञा केली, बोल, येशूच्या नावाने बोल. पप्पांनी प्रयत्न केला, नाही आलं, आणि ते रडायला लागले. बाहेर गॅलरीत दादा मला म्हणाला, "जन्मभर पोपटपंची केली, मनापासून एक प्रार्थना नाही केली, आता विश्वास कुठून येणार?" ते लोक दुष्ट नव्हते, कळकळीनेच आले होते. पण आजारी माणसाला 'तुझा विश्वास कमी पडला' असं ऐकवणं हे पाप आहे, मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

त्याच आठवड्यात बुधवारी चर्चची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, आमच्याकडे होती. दहा-बारा माणसं, निम्मी दाराबाहेर. शेवटी सगळ्यांनी प्रभूची प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', सुरू केली. मी पप्पांचा डावा हात धरून बसले होते. आधी त्यांचा अंगठा माझ्या तळव्यावर ठेका धरायला लागला, मग ओठ हलले, आणि 'आमची रोजची भाकर आज आम्हास दे' हे अख्खं वाक्य पप्पांच्या आवाजात आलं. भाकर! आईची प्रार्थना तिथेच थांबली, बाकीचे म्हणत राहिले आणि पप्पा त्यांच्याबरोबर आमेनपर्यंत गेले. आमेन झाल्याबरोबर आईने डब्यातून भाकरी काढून आणली, हे काय? "ते... ते."

स्पीच थेरपिस्ट बाईंनी नंतर समजावलं की मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की नवं वाक्य जुळवणं अडतं, पण वर्षानुवर्षं घोकलेलं, म्हणजे आकडे, गाणी, प्रार्थना, पुष्कळांचं शाबूत राहतं. म्हणजे चमत्कार नव्हे. मला तसा दावाही करायचा नाही. पण त्या माणसाला स्वतःचा एक शब्द नव्हता तेव्हा देवाशी बोलायला जे होतं ते त्या चटईवर पाठ झालेलंच होतं, आणि ते सुद्धा एकट्याला सुरू करता येत नव्हतं, मंडळीने सुरू केलं की यायचं. एकट्याने म्हणायला गेले की पहिल्या शब्दाला अडकायचे. उपासना कशासाठी याचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे.

बाकी शास्त्रातलं म्हणाल तर प्रभूने वधस्तंभावर जी हाक मारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास', ती बायबलच्या जुन्या करारातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि 'तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवतो' हे एकतिसाव्यातलं. मरणाच्या वेळी प्रभूच्या तोंडी जुनी स्तोत्रंच आली. त्याला कोणी पोपटपंची म्हणेल का? आणि एकट्याने मनातल्या मनात करू नका असं मी म्हणत नाही, दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला प्रभूनेच सांगितलंय. दोन्ही करा.

किती वेळ ते मी काय सांगणार, आमच्याकडे वीस मिनिटं व्हायची. आणि हो, नुसतं तोंडाने म्हणून मन दुसरीकडे असणारे चर्चमध्ये भरपूर आहेत, मी पण असते कित्येकदा, तेवढ्यापुरतं तुमचं आणि दादाचं खरं आहे.

पप्पा त्यानंतर तीन वर्षं होते. दर रविवारी टॅक्सीने नेत होतो, तिसऱ्या बाकावर कडेला. दादा एकदाही त्या बाकावर येऊन बसला नाही. तो अजून मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं सातवं वचन, ते व्यर्थ बडबडीचं, सगळ्यांना पाठवत असतो. दादा, हे वाचत असशील तर तिथेच थांबू नकोस, नववं वचन काढ. बडबड करू नका म्हटल्यावर दोनच वचनांनी प्रभूने 'अशी प्रार्थना करा' म्हणून कुठली प्रार्थना दिली ते बघ, आणि मग मला फोन कर.