लंडनमध्ये उन्हाळ्यात फुकट किंवा स्वस्तात काय बघता-ऐकता येईल?

पहिला मान ‘प्रॉम्स’ या संगीत महोत्सवाचा. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जवळपास रोज पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफल असते. 1895 पासून चालत आलेली परंपरा. चांगल्या खुर्च्या महाग, पण उभ्याने ऐकायचं तिकीट अलीकडे 8 पौंडांना मिळतं. ही तिकिटं त्याच दिवशी सकाळी ऑनलाइन सुटतात आणि नावाजलेला वाद्यवृंद असेल तर बघता बघता संपतात. ऐनवेळी पासवर्ड शोधत बसायला नको, म्हणून तिकिटांच्या साइटवरचं खातं आदल्या दिवशीच उघडून ठेवा. उभं राहायच्या जागा दोन: ‘अरीना’ म्हणजे रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, ‘गॅलरी’ पार वर छताखाली. गॅलरीतून वादक मुंगीएवढे दिसतात, पण ऐसपैस जागा असते. पाय दुखत असतील तर सरळ गॅलरीच घ्या.

नाटक बघायचं असेल तर ‘शेक्सपिअर्स ग्लोब’ हे नाट्यगृह. मधल्या अंगणात उभ्याची तिकिटं अलीकडे 5 पौंडांपासून. वर छप्पर नाही, पाऊस आला तरी खेळ थांबत नाही आणि छत्री उघडू देत नाहीत, रेनकोट न्या. प्रयोग चालू असताना खाली बसायचीही सोय नाही. उंची कमी असेल तर लवकर पोहोचून थेट रंगमंचाला खेटून उभे राहा, कडेवर हात टेकता येतात.

पूर्ण फुकट हवं असेल तर ब्रिटिश म्युझियम हे वस्तुसंग्रहालय, नॅशनल गॅलरी आणि टेट मॉडर्न ही कलासंग्रहालयं. तिकीट फक्त विशेष प्रदर्शनांना. पहिली दोन शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात.